साहेबांचं पत्र आणलंय का?

कंपनीचं मेडिक्लेम कार्ड पाकिटात असलं की आपण बिनधास्त असतो. पण घरातलं कुणी कोसळलं की कळतं, या शहरात बेड मिळवायला पैसा लागतो, नाहीतर वशिला. आणि ज्यांनी ही सिस्टीम सुधारायची, त्यांना स्वतःला तिच्या रांगेत उभं राहावंच लागत नाही.

ऑगस्ट २०२३. रात्री पावणेबाराला आईचा फोन आला. मी अंधेरीत ऑफिसमध्येच होते. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल नुकता संपला होता, कॅबची वाट बघत होते. आई म्हणाली, "बाबांची जीभ जड झालीय गं. उजवा हात उचलत नाहीये." पुढचं मला नीट आठवत नाही. हायवेवर रात्रीही ट्रॅफिक असतो, एवढं आठवतं.

शेजारच्या काकांनी बाबांना रिक्षात घालून बोरिवलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचले तेव्हा बाबा स्ट्रेचरवर होते आणि काउंटरवरचा मुलगा अत्यंत नम्रपणे आईला सांगत होता, "मॅडम, डिपॉझिट दोन लाख. कार्ड चालेल." पक्षाघातात पहिले साडेचार तास सोन्याचे असतात, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री फक्त एवढंच कळत होतं, की माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट दीड लाखाचं आहे. उरलेले पन्नास हजार काकांनी भरले. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून.

मेडिक्लेम नव्हता का? होता ना. माझा! कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मला पाच लाखांचं कव्हर होतं. जॉइन होताना एचआरनं फॉर्म पुढे केला होता. 'आई-वडिलांना ॲड करायचं आहे का?' खाली दोन चौकोन होते. प्रीमिअम पगारातून कापला जाणार होता. मी 'नाही'वर टिक केलं. त्याच महिन्यात नवीन फोनचा ईएमआय सुरू झाला होता. ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे मी आमदार-खासदारांवर तोंडसुख घेतलं की तुम्ही 'आणि तू काय केलंस गं?' असं विचारणार नाही.

तिसऱ्या दिवशी बिल साडेतीन लाखांच्या पुढे गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर तरी देखरेखीखाली ठेवावं लागेल. सरकारी योजनेबद्दल विचारलं, तर डेस्कवरच्या बाईंनी रेशनकार्ड हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "पांढरं आहे. योजनेत बसत नाही." गंमत बघा, महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा आणि कव्हर दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये जाहीर झाला होता. आम्ही बातमी वाचून खूशही झालो होतो. प्रत्यक्षात अंमल सुरू झाला जुलै २०२४ मध्ये. बाबांना तेवढं थांबायला सांगणं शक्य नव्हतं.

मग पालिकेचं हॉस्पिटल. तिथे उत्तर एका शब्दाचं होतं. "फुल्ल." मी हुज्जत घातली, रडले, पुन्हा हुज्जत घातली. शेवटी एका वॉर्डबॉयला दया आली असावी. जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, साहेबांचं पत्र आणलंय का? आणा. बघा मग."

पत्र नावाचं चलन

साहेब म्हणजे आमदारसाहेब. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत ॲडमिशन हवी? पत्र. नळाला पाणी नाही? पत्र. हॉस्पिटलात बेड हवा, बिलात सवलत हवी, मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत हवी? पत्र, पत्र आणि पत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. माझ्या आधी वीसेक जण. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात एक्स-रेचं ते मोठ्ठं पिवळं पाकीट होतं. एकीला मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पत्र हवं होतं. एका आजोबांना डायलिसिससाठी. एक जण तर नुसतं एमआरआयची तारीख अलीकडे आणायला आला होता.

साहेब नव्हते, पण त्यांचे पीए होते. आणि खरं सांगते, माणूस चांगला होता. चहा मागवला. 'घाबरू नका ताई, होईल काम,' म्हणाला. कॉम्प्युटरवर मजकूर तयारच होता. सदर रुग्ण माझ्या मतदारसंघातील रहिवासी असून त्यांची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे, तरी योग्य ते सहकार्य करावे. नाव आणि वय टाकायची जागा तेवढी रिकामी. माझ्या गळ्यात आयटी कंपनीचं आयकार्ड होतं. 'हलाखीची' या शब्दावर मी जरा अडखळले. पीएनं ते ओळखलं आणि म्हणाला, "हॉस्पिटलच्या दारात सगळेच हलाखीचे असतात."

दुपारी चारला बेड मिळाला.

आनंद झाला? झाला. पण त्याच कॉरिडॉरमध्ये एक मुलगा बसला होता. वय माझ्याएवढंच असेल. विरारहून आला होता, आईला घेऊन. ती चादरीवर जमिनीवर झोपली होती. सकाळी सहापासून ते तिथेच होते. त्यानं मला विचारलं, "तुम्हाला कसा मिळाला?" मी पत्राची झेरॉक्स दाखवली. तो ती बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे आम्ही कुणाला ओळखत नाही."

बाबांना मिळालेला तो बेड आधी कुणाला मिळायचा होता, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. बाबांना आत नेत होते आणि मी त्यांच्या स्ट्रेचरबरोबर चालत गेले.

त्यांचं बिल, आपलं बिल

त्या पंधरा दिवसांत हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मोबाइलवर बरंच काही वाचलं. दुसरं करणार काय! राज्यातल्या आमदारांचं, माजी आमदारांचं आणि त्यांच्या कुटुंबीयांचं आजारपण सरकारी तिजोरीतून भागवण्याची सोय आहे. उपचार घ्यायचे, बिल सादर करायचं, पैसे परत. त्याला सरकारी भाषेत 'वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती' असा भारदस्त शब्द आहे. खासदारांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे सीजीएचएसचं कवच आहे. माजी खासदारांनाही.

एप्रिल २०२२ मध्ये एक बातमी गाजली होती, आठवतेय? करोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या १८ मंत्र्यांनी खासगी हॉस्पिटलांत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं भरला होता. एकूण सुमारे १ कोटी ४० लाख रुपये. त्यात सर्वांत मोठा आकडा होता तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्या नावावर, सुमारे ३४ लाख ४० हजार. हे सगळं नियमात बसणारं होतं, कुणी चोरी केली नव्हती. आजारी माणसानं चांगल्यात चांगल्या ठिकाणी जावं, त्यात गुन्हा काय? मीही बाबांना आधी खासगीतच नेलं होतं. खटकतं ते वेगळंच. ज्या खात्याची हॉस्पिटलं, त्या खात्याच्या मंत्र्याचंही बिल खासगी हॉस्पिटलचं असेल, तर सरकारी हॉस्पिटलबद्दल सरकारचं खरं मत काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता निष्पक्ष राहायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये देवेंद्र फडणवीस विरोधी पक्षनेते असताना त्यांना करोना झाला. तेव्हा ते मुंबईतल्या सेंट जॉर्जेस या सरकारी हॉस्पिटलात दाखल झाले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यातल्या आमदारांच्या आणि देशातल्या खासदारांच्या पगारात वर्षभरासाठी ३० टक्के कपातही झाली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं. पण ते मनात येण्यासाठी महामारी यावी लागते, हा लोचा आहे.

आणि पगाराचं म्हणाल, तर ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं आमदारांचा मासिक पगार-भत्ता सुमारे ७५ हजारांवरून १ लाख ७० हजारांच्या घरात नेला. माजी आमदारांचं पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार केलं. विधेयक चर्चेशिवाय मंजूर झालं. एरवी एकमेकांचे माइक ओढणारे सगळे पक्ष त्या दिवशी कसे छान एका सुरात होते! आपल्या ॲप्रेझलला बॉस एवढा समजूतदार असता, तर काय हवं होतं?

पंजाबनं २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा केला. कितीही वेळा निवडून आलात तरी पेन्शन एकच. आपल्याकडे एका टर्मपेक्षा जास्त काळ आमदारकी केली, की जादा प्रत्येक वर्षासाठी पेन्शनमध्ये भर पडते.

पगाराला घाई, कायद्याला सावकाश

या घाईची तुलना आता आरोग्याच्या कायद्यांशी करून बघा.

संसदेनं २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स ॲक्ट केला. दवाखाने आणि हॉस्पिटलांची नोंदणी, किमान दर्जा, दरांची शिस्त, असं सगळं त्यात होतं. राज्यांनी तो स्वीकारायचा किंवा स्वतःचा करायचा. महाराष्ट्रानं म्हटलं, आम्ही स्वतःचा करतो. समिती नेमली, २०१४ मध्ये मसुदा आला आणि मग तो फायलींमध्ये निवांत पहुडला. आजही खासगी हॉस्पिटलांवर नियंत्रण आहे ते मुळात १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याचं. म्हणजे कायदा माझ्या बाबांपेक्षाही वयानं मोठा!

जानेवारी २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, एवढं मात्र झालं. हॉस्पिटलनं रुग्णहक्कांची सनद लावायची, मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे, तक्रारीसाठी पालिकेनं कक्ष ठेवायचा. छान आहे. आता जरा आठवून सांगा, शेवटचं हॉस्पिटलात गेलात तेव्हा दरांचा बोर्ड दिसला होता का? मला त्या रात्री फक्त कार्ड स्वाइप करायचं मशीन दिसलं होतं.

पैशांचंही तेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलंय, की राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचा ८ टक्क्यांहून जास्त हिस्सा आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र, देशातलं सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, ५ टक्क्यांच्या आतबाहेरच घुटमळतोय.

विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य. यातल्या एकाच्याही घरी रात्री पावणेबाराला 'बेड नाही' असं उत्तर येत नाही. आपल्याला न टोचणारा काटा कोण काढत बसतो?

उपनगरांचा एक्स-रे

मुंबई म्हटलं की केईएम, नायर, सायन. तिथले डॉक्टर ग्रेट आहेत, यात वादच नाही. पण ही सगळी हॉस्पिटलं शहरात. शहर वाढलं ते उत्तरेला आणि पूर्वेला, हॉस्पिटलं मात्र तितक्या वेगानं सरकली नाहीत.

बोरिवलीचं भगवती हॉस्पिटल घ्या. माझ्या लहानपणी पडलं-झडलं की 'भगवतीला ने' असंच म्हणायचे. त्याच्या पुनर्बांधणीची कहाणी दशकभराहून जास्त रेंगाळली आणि तेवढे पेशंट कांदिवलीच्या शताब्दीकडे आणि त्याही पुढे पाठवले गेले. मुलुंडच्या अगरवाल हॉस्पिटलचीही पुनर्विकासाची गाडी अशीच रखडत चालली.

घाटकोपरचं राजावाडी पूर्व उपनगरांचा मोठा आधार आहे. चेंबूरपासून विक्रोळीपर्यंतचे लोक तिथे धावतात. त्याच राजावाडीत जून २०२१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या एका तरुण रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदरानं कुरतडल्याची बातमी आली होती. जोगेश्वरीच्या ट्रॉमा केअर हॉस्पिटलात जानेवारी २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाच जणांची दृष्टी गेली. अंधेरीच्या मरोळमधल्या ईएसआयसी हॉस्पिटलला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली, त्यात अनेक जीव गेले. ईएसआयसी म्हणजे काय, माहितीय ना? २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांच्या पगारातून दर महिन्याला जे कापलं जातं, ते. तुमच्या ऑफिसातला हाउसकीपिंगवाला, सिक्युरिटीवाला, कॉलसेंटरमधला फ्रेशर, सगळे त्याचे मेंबर. म्हणजे ते हॉस्पिटल फुकटचं नव्हतं. आधी पैसे भरून घेतलेलं होतं.

आणि मरोळचंच सेव्हन हिल्स! पालिकेच्या जमिनीवर, खासगी भागीदारीत दीड हजार बेडचं हॉस्पिटल उभं राहायचं होतं. त्यातले २० टक्के बेड पालिकेच्या पेशंटसाठी ठेवायचे, असा करार. पुढे थकबाकी, कोर्टकज्जे आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. २०२० मध्ये करोना आला आणि पालिकेनं तिथे कोविड हॉस्पिटल चालवून हजारो लोकांवर उपचार केले. म्हणजे इमारत होती, जागा होती, डॉक्टरही मिळाले. अडलं कुठे होतं मग?

या सगळ्यावर पालिकेच्या सभागृहात आरडाओरडा व्हायला हवा होता. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ओरडणार कोण? मग लोक आणखीच आमदारांच्या दारात. पत्राची रांग आणखी लांब.

तिकडे काय चालतं?

"सगळीकडे हेच असतं," असं आपण चहा पिता पिता म्हणतो. तसं अगदी नाही.

अमेरिकेत २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा आला तेव्हा चार्ल्स ग्रासली नावाच्या विरोधी पक्षाच्या सिनेटरनं एक तिरका मुद्दा रेटला. लोकांसाठी विम्याचं नवं मार्केट काढताय ना, मग काँग्रेसच्या सदस्यांनी आणि त्यांच्या स्टाफनंही तिथूनच विमा घ्यावा. आणि ते खरंच कायद्यात आलं! पुढे २०१३ मध्ये, सरकारनं त्यांच्या प्रीमिअमचा वाटा भरायचा की नाही, यावरून मोठी जुंपली आणि वाटा चालू राहिला. म्हणजे तिथेही पळवाट निघालीच. पण 'जे लोकांना, तेच तुम्हाला' हे तत्त्व निदान कायद्याच्या पुस्तकात तरी गेलं.

ब्रिटनमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये करोनानं गंभीर आजारी पडले. त्यांना नेलं सेंट थॉमस हॉस्पिटलात. हे थेम्सच्या काठावर, पार्लमेंटच्या अगदी समोर असलेलं सरकारी हॉस्पिटल. त्याच एनएचएसचं, जिथे टॅक्सीवालाही जातो.

आपल्याकडेही प्रयत्न झालेत. मार्च २०१८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांनी सरकारी हॉस्पिटलातच उपचार घ्यावेत, असा आदेश दिला होता. राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. डॉक्टर संपावर गेले, तडजोडी झाल्या, नियम रखडले, पण कायदा झाला. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सनं खासदारांच्या उपचारांसाठी खास व्यवस्था ठरवली, तेव्हा डॉक्टरांच्याच संघटना खवळल्या. व्हीआयपी कल्चर नको, म्हणाल्या. एम्सला ते मागे घ्यावं लागलं. कुणीतरी 'नाही' म्हटलं की होतं, बॉस.

वशिल्यालाही मर्यादा असते

पत्रानं सगळं होतं, असंही नाही. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात काय झालं ते आठवा. विधान परिषदेतले आमदार अमित गोरखे यांच्या स्वीय सहायकाच्या गर्भवती पत्नीला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेलं होतं. दहा लाखांचं डिपॉझिट मागितलं, असा कुटुंबाचा आरोप होता. दुसऱ्या हॉस्पिटलात तिनं जुळ्या मुलींना जन्म दिला आणि ती गेली. राज्यभर संताप उसळला, चौकशा झाल्या, इमर्जन्सीत डिपॉझिट घेणार नाही असं रुग्णालयानं जाहीर केलं.

जो माणूस रोज दुसऱ्यांसाठी अशी पत्रं टाइप करत असेल, फोन लावत असेल, त्याच्याच घरी हे झालं. ज्या दिवशी ही बातमी वाचली, त्या दिवशी मला तो चहा मागवणारा पीए आठवला.

आणि आपण? आपलं काय? आपण 'ग्रुप मेडिक्लेम' नावाच्या छत्रीखाली उभे आहोत. त्यामुळे पाऊस दिसतो, भिजत नाही. पालिकेच्या हॉस्पिटलचं बजेट किती, आपल्या वॉर्डात प्रसूतिगृह आहे का, आमदारानं अधिवेशनात आरोग्यावर किती प्रश्न विचारले, यातलं आपल्याला काहीही ठाऊक नसतं. नोकरी गेली की छत्री गेली. मग बाहेर व्यक्तिगत पॉलिसी शोधायची. तिच्यावर १८ टक्के जीएसटी होता, तो काढायला सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. आजारपणावर टॅक्स! तेव्हाही आपण फक्त एकमेकांना जोक फॉरवर्ड केले.

तेव्हा राग आमदारांवर काढूच, पण थोडासा आरशासाठीही राखून ठेवू.

बाबा आता बरे आहेत. काठी घेऊन बागेपर्यंत जातात. उजवा हात अजून पूर्ण आलेला नाही, सही डाव्या हातानं करतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. ते सकाळी सातलाच तयार होऊन बसले. परतल्यावर मी विचारलं, "कुणाला?"

"साहेबांना," ते म्हणाले. "आपलं काम केलं त्यांनी."

मी म्हटलं, "बाबा, बेड मिळवून देणं हे आमदाराचं कामच नाही. पत्राशिवाय बेड मिळेल, असं बघणं हे त्याचं काम."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "पण मी त्या दिवशी जिवंत राहायचं होतं ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एचआरचा नवा फॉर्म आला, तेव्हा मी आई-बाबा दोघांच्याही नावापुढे 'हो' केलं. आणि पुढच्या वेळी कुणी मत मागायला जिना चढून आलं, की त्यांना पाणी देऊन एकच प्रश्न विचारायचा ठरवलाय. तुम्ही आजारी पडलात, तर कुठल्या हॉस्पिटलात जाल?

विरारहून आलेल्या त्या मुलाच्या वतीनंही.

चौकट : फ्रीजवर चिकटवून ठेवा

• इमर्जन्सीत आधी उपचार. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय, की जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणं हे सरकारी-खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. काउंटरवर हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

• धर्मादाय हॉस्पिटल म्हणजे फक्त छोटी हॉस्पिटलं नव्हेत. विलेपार्ल्याचं नानावटी, अंधेरीचं कोकिलाबेन अशी पंचतारांकित वाटणारी हॉस्पिटलंही धर्मादाय यादीत आहेत. हायकोर्टानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा ठिकाणी १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. हॉस्पिटलातल्या समाजसेवकाला भेटा. यासाठी कुणाच्याही पत्राची गरज नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला हे नक्की सांगा.

• रेशनकार्ड शोधून ठेवा. आता पांढरं कार्ड असलं तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे. मात्र योजनेत सामील असलेल्या हॉस्पिटलातच आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. आपल्या एरियातली कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत, ते आजच बघा. रात्री पावणेबाराला नको.

• दरांचा बोर्ड मागा. २०२१ च्या नियमांनुसार तो लावणं बंधनकारक आहे. नसेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते.

• एचआरचा फॉर्म पूर्ण वाचा. विशेषतः आई-वडिलांचा चौकोन.